हाडाच्या दवाखान्यातले डिंकाचे लाडू

सांगलीतल्या एका हाडाच्या दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं भटारखाना सांभाळला. नेमणुकीच्या पत्रात माझा हुद्दा ‘मुख्य आचारी’ असा होता. पण पेशंट मला ज्या कामामुळे ओळखायचे आणि मनातून थोडे घाबरायचेही, त्याचा त्या पत्रात कुठे उल्लेख नव्हता. ते काम म्हणजे डिंकाचे लाडू पकडणं.

इकडच्या नसलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. आमच्या कृष्णाकाठच्या गावांत कुणाचं हाड मोडलं, की प्लॅस्टर वाळायच्या आत चार घरांत कढई चढलेली असते. डिंक चिकट असतो, म्हणून त्यानं हाडही चिकटतं, अशी समजूत. डिंक तळायचा, खारीक कुटायची, खोबरं भाजायचं आणि हे सगळं गुळात वळून डबा भरून दवाखान्यात न्यायचा. मुलूख उसाचा, त्यामुळे गूळ घालताना कुणाचा हात आखडत नाही. पलटणीतून सुट्टीवर आलेला पंचविशीतला गडी मोटारसायकलवरून पडला असेल, तर त्यानं खुशाल खावेत. पण आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं जास्त आणि त्यातल्या बऱ्याच जणांना साखरेचा आजार. साखर वाढलेली राहिली की जखम भरत नाही, पू धरतो, हाड सांधायला उशीर करतं. म्हणजे हाडासाठी आणलेला लाडू हाडाच्याच मुळावर येणार. हे सांगायला गेलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की जणू मी त्यांच्या आजीला शिवी दिलीय.

आमचं कामकाज तसं साधं होतं. आहाराच्या मॅडम रोज सकाळी वॉर्डात फिरून कागदावर आकडे लिहीत. इतकी प्रथिनं, इतकं कॅल्शियम, साखर वर्ज्य. तो कागद माझ्याकडे आला की त्याची भाकरी-भाजी करायची, हे माझं काम. ज्याला साखर त्याच्या खाटेला पिवळी चिठ्ठी, त्याच्या ताटाला पिवळा ठिपका. एवढं कळलं की वाढणारा चुकत नाही. खरी हुशारी वाढण्यात नव्हतीच. मी उष्टी ताटं परत यायच्या वेळेला भांडी घासायच्या मोरीपाशी उभा राहायचो. ताटात उरलेली भाजी कुणाच्या हाडात जात नाही, ती डुकराच्या हाडात जाते. त्यामुळे कागदावर किती कॅल्शियम होतं यापेक्षा ताट चाटूनपुसून आलं का, हे मी बघायचो.

पहिली काही वर्षं ताटं भरलेलीच यायची. ती चूक माझी. पथ्य म्हणजे उकडलेला दुधी आणि अळणी वरण, असं मी धरून चाललो होतो. त्या काळात माझ्या हातचं जेवलेल्या सगळ्या पेशंटांची मी इथे जाहीर माफी मागतो. पुढे मॅडमनी शिकवलं आणि थोडं माझं मला उमगलं, की पथ्याला चव असली तरी ते पथ्यच राहतं. मग सकाळी नाचणीची आंबील ताक आणि जिरं घालून, दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, नाहीतर राजगिऱ्याची. सोबत तिळाची किंवा कारळ्याची चटणी आणि घट्ट दही. संध्याकाळी चहासोबत बिस्किटाऐवजी फुटाणे. रात्री खाणाऱ्याला अंडं, न खाणाऱ्याला मुगाचं धिरडं, आणि झोपताना हळद घातलेलं बिनसाखरेचं दूध. हे सगळं बाजारात मिळतं, यात परदेशातून येणारं काही नाही. शिवाय सकाळचं कोवळं ऊन. गॅलरीत खुर्च्या टाकून आम्ही म्हाताऱ्यांना बसवायचो. बायका डोक्यावरून हातापर्यंत पदर ओढून बसायच्या आणि सिस्टर त्यांचे पदर मागे सारत फिरायच्या.

पिवळ्या चिठ्ठीवाल्यांच्या तऱ्हा कितीतरी. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक जण मनगट मोडून आला होता. मला अभिमानानं म्हणाला, “मामा, मी चहातली साखर सोडून चार वरसं झाली. तरी माजी साखर हालंना.” मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, हा गडी आठवड्यातून तीन उपास करतो आणि तिन्ही दिवशी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, वर केळी, वर रताळ्याचा कीस. देवाच्या नावावर खाल्लेलं साखरेत धरत नाहीत, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, देव धरत नसेल, पण रक्त धरतं. तेव्हापासून तो उपासाला भगर आणि दही खायला लागला, आणि बरा होऊन गेल्यावरही मला फोन करून विचारायचा, “मामा, आज चतुर्थी हाय, शेंगदाणं किती चालतील?”

आता माझ्या घरचं थोडं सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत ते मध्ये येणार आहे. मी जत भागातला. आमची मेंढरं होती. पाऊस आला तर ज्वारी, नाहीतर टँकरची वाट. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. अव्वा सकाळी हुलग्याचं माडगं करायची. हुलगे म्हणजे कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात ते कडधान्य, आणि माडगं म्हणजे भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची लसूण घातलेली पातळ पेज. शिकायला सांगलीला आलो तेव्हा ऊसवाल्यांची पोरं डब्यात शिरा आणायची आणि मी सकाळी माडगं पिऊन आलोय हे कुणाला सांगायचो नाही. नंतर एक दिवस मॅडमनी तक्ता पुढे ठेवून सांगितलं, की हुलग्यात प्रथिनं भरपूर आहेत, कॅल्शियम आहे आणि साखर हळूहळू चढते. मी तो तक्ता दोनदा वाचला. ज्याची मला लाज वाटत होती ते औषध निघालं होतं. दुसऱ्या दिवसापासून माडगं दवाखान्याच्या सकाळच्या नाष्ट्यात आलं, आणि मी ते असं मिरवायला लागलो की जणू हुलगा माझ्याच आज्यानं शोधून काढलाय.

हौसाबाई आल्या तेव्हा मी या मिजाशीत होतो.

हौसाबाई म्हणजे पलूसच्या अलीकडच्या एका गावातल्या सुभेदारांची बायको. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाज खणखणीत. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन उसात रमलेले. गोठ्याच्या पायरीवरून घसरून हौसाबाईंचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. डॉक्टरांनी सळई घालून ते बसवलं. पण महिना होत आला तरी टाक्यांची जागा भरेना, एका कोपऱ्यातून पाणी झिरपत राहिलं. रोज इन्सुलिन देऊनही साखर खाली येत नव्हती. डॉक्टरांनी सुभेदारांना आणि सून शैलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की अजून तीन आठवडे बघू. जखम सुकली तर वॉकर धरून चालायला लावू. पू आतपर्यंत गेला तर सळई काढावी लागेल, आणि मग या वयात त्या पुन्हा चालतील याची खात्री नाही.

मॅडमनी मला बोलावून म्हटलं, “या पेशंटचा घरचा डबा आता बंद. ताट तुम्ही स्वतः वाढायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफाळतं माडगं घेऊन गेलो.

“ह्ये काय हाय?” हौसाबाईंनी विचारलं.

“हुलग्याचं माडगं, आक्का. गरम हाय तवर घ्या.”

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. “हुलगं आमी बैलास्नी घालतो. मला काय बैल समजलास व्हय रं?”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अव्वाचं माडगं म्हणजे बैलाचं खाणं, हे माझ्या वर्मी लागलं. मी म्हणालो, “म्हणूनच तुमचं बैल पाय मोडून हितं येत न्हाईत.”

सगळा वॉर्ड हसला. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन दिवस माझ्या हातच्या कुठल्याच ताटाला बोट लावलं नाही. आचाऱ्यानं पेशंटला चारचौघांत हरवायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांनी तिथे कळलं.

गंमत अशी, की दोन दिवस न जेवता त्यांची साखर उतरायच्या ऐवजी चढली. मॅडम चक्रावल्या. मी चक्रावलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेपाशी उभा राहून फरशीकडे बघितलं. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची एक ओळ निघून खाटेच्या पायावरून वर चढत होती. मुंगी ही आमच्या खात्याची सगळ्यात इमानी तपासनीस. ओळ उशीपाशी जाऊन थांबली होती. हौसाबाईंना तपासणीला खाली नेलं होतं. मी उशी उचलली. अभ्र्याच्या आत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले डिंकाचे लाडू. खाटेखालच्या पिशवीत आणखी दोन डबे, टेबलाच्या खणात एक.

मी सगळे उचलले. आणि पुढची चूक तिथे केली. लाडू खाली नेऊन सुभेदारांच्या ताब्यात देता आले असते. पण चांगलं तूप आणि चांगला डिंक वाया जाऊ नये म्हणून मी ते साखर नसलेल्या पेशंटांना वाटून टाकले. नडगी मोडलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं तर तिथल्या तिथे चार खाल्ले. माझ्या मते मी पुण्याचं काम केलं होतं.

हौसाबाई परत आल्या, उशीला हात लावून बघितला आणि रडायलाच लागल्या. ही बाई टाके उसवताना रडली नव्हती. शैला मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “मामा, फडक्यातलं लाडू मावशींनी केलं हुतं. आत्याची थोरली भन, गोदाक्का. त्यास्नी दोनी डोळ्यांनी दिसत न्हाई. चाचपून चाचपून वळल्यात त्यांनी.”

मी खाटेपाशी जाऊन उभा राहिलो.

“आक्का, चुकलं माझं.”

“मला का गोड खायाची हौस हाय व्हय रं?” त्या म्हणाल्या. “माजं दात तरी ऱ्हायल्यात का गोड खायाला? लाडवानं हाड धरतं म्हून गिळत हुते. हाड धरलं की उठीन म्हून. आरं, ही सून दिसातनं चार येळा माज्याखाली भांडं धरती. पोर लय गुणाची, कवा नाक मुरडत न्हाई. पर मला मेल्यागत हुतंय. मला माज्या पायानं मोरीत जायचंय बाबा. दुसरं कायसुदिक न्हाई मागत मी.”

मी इतकी वर्षं लाडू पकडत आलो होतो, पण पकडलेल्या माणसानं ते का खाल्ले, हे एकदाही विचारलं नव्हतं. ही बाई जिभेसाठी खात नव्हती. तिचं आणि माझं म्हणणं एकच होतं. फक्त तिचा भरवसा डिंकावर होता आणि माझा हुलग्यावर.

त्या दिवशी दुपारी मी सुभेदारांना भटारखान्यात चहाला बोलावलं, बिनसाखरेच्या. त्यांना सरळ सांगितलं, “साहेब, एक लाडू पकडला की दोन येतात. येणारा थांबत न्हाई. काय करायचं?”

सुभेदार म्हणाले, “येनाऱ्याला कसं थांबवनार? आजाऱ्याला भेटाया रिकाम्या हातानं जात न्हाईत आपल्यात. त्यो मान असतोय.”

“मग हात भरूनच येऊ द्यात. पण काय घेऊन यायचं ते आपण सांगू.”

सुभेदारांनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत एकदम पलटणीतली चमक आली. “म्हंजे लंगर लावायचा.”

“म्हणजे?”

“पलटनीतल्या भटारखान्यागत ड्यूटी लावतो. कोन कवा काय आननार, लेखी.”

आणि खरोखरच त्यांनी वहीचं पान फाडून रकाने आखले. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. सोमवारी वरच्या आळीनं शेवग्याच्या पाल्याची भाजी. मंगळवारी भावकीनं तिळाची चटणी आणि ताक. बुधवारी मळ्यातल्या घरांनी गावठी अंडी. गुरुवारी राजगिरा. मॅडमना विचारलं, त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली, की प्रत्येक डबा आधी माझ्या तोंडाला लागेल आणि वजन होऊन मगच वर जाईल. सुभेदारांनी त्या कागदाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘रिकाम्या हातानं येऊ नये. गोड हातानंही येऊ नये. हुकमावरून.’

पुढे जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. गावातल्या बायकांत चुरस लागली. भेटीच्या वेळी चार वाजता जीप भरून माणसं यायची आणि आधी भटारखान्याच्या दाराशी रांग लावायची. शेवग्याचा पाला निवडलाय कसा, लसूण किती, तीळ काळे की पांढरे, यावर त्यांच्यात वादावादी. भावकीतल्या एका वहिनींनी मेथीच्या भाजीत गुळाचा खडा टाकला होता. जिभेवर ठेवताच मला कळलं. मी डबा परत दिला.

“चवीपुरता घातलाय वो,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुमच्याकडं चवीपुरता म्हंजे ढेपंचा कोपरा.”

रांगेतल्या बायका इतक्या हसल्या की त्या वहिनींनी दुसऱ्या दिवशी तीच भाजी बिनगुळाची करून आणली आणि मी पूर्ण डबा वर जाऊ देईपर्यंत दारातून हलल्या नाहीत. हौसाबाईंना मात्र रोज सगळ्यांसमोर खावं लागायचं, कारण कुणाची भाजी किती खाल्ली हे बघायला तिथे माणसं टपून बसलेली. त्या कुरकुरत खायच्या. पण खायच्या.

हे सगळं चाललं होतं, तरी गोदाक्कांच्या लाडवांचं मला टोचत होतं. मी शैलाला सांगून त्यांना बोलावून घेतलं. पुतण्यानं हात धरून त्यांना भटारखान्यात आणलं. लहानखुरी म्हातारी, तोंडभर हसू. मी त्यांना खुर्ची दिली आणि झालं ते सगळं कबूल केलं.

“कुनी खाल्लं मग?” त्यांनी विचारलं.

“एक ट्रक ड्रायव्हर हाय. आन् दोन म्हाताऱ्या.”

“आवडलं का त्यास्नी?”

“ड्रायव्हरनं चार खाल्लं.”

“मग झालं की. पोटातच गेलं,” म्हातारी म्हणाली आणि विषय संपवला. मी रात्रंदिवस जे ओझं घेऊन फिरत होतो ते तिनं असं उतरवून ठेवलं.

मी म्हणालो, “आक्का, बहिणीसाठी पुन्हा लाडू वळायचेत. पण सामान माझं.”

मी परात पुढे ठेवली. भाजलेलं नाचणीचं पीठ, तीळ, कारळं, थोडं सुकं खोबरं, तळून चुरलेला डिंक, लसूण, मीठ, लाल तिखट. त्यांनी एकेक चाचपून, हुंगून ओळखलं. मग हात थांबला.

“गूळ कुटं हाय?”

“गूळ न्हाई.”

“गुळाबिगर लाडू वळंल कसा? फुटंल की.”

हे मात्र खरं होतं. लाडवात गूळ गोडीसाठी असतो तेवढाच बांधून ठेवण्यासाठीही असतो. याच्यावर मी आधी तीन दिवस झगडलो होतो. दह्यानं सैल होत होता, तुपानं बांधावा तर तूप फार लागत होतं. शेवटी मी थोडी नाचणी ताकात शिजवून घट्ट उकड काढली आणि ती गरम असतानाच परातीत घातली. गोदाक्कांनी मळलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

“मीठ कमी हाय,” त्या म्हणाल्या. एवढी वर्षं आचारी राहून माझ्या मिठाची चूक आंधळ्या म्हातारीनं काढली. मी मीठ टाकलं. मग त्यांनी वळायला घेतलं. त्यांच्या हातातून एकामागून एक लाडू निघत गेले, सगळे एका मापाचे. मी डोळे असून तसे कधी वळू शकलो नाही.

ताटली घेऊन आम्ही वर गेलो. बहिणीला बघून हौसाबाईंचा चेहरा उजळला. लाडू तोंडात टाकला आणि थबकल्या.

“ह्यो गोड न्हाई.”

“तू तरी कवा गोड हुतीस?” गोदाक्का म्हणाल्या. “गप खा.”

हौसाबाई इतक्या हसल्या की जखम दुखली म्हणून मांडी धरून बसल्या. पण लाडू खाल्ला. दुसरा मागितला. मी माप सांगितलं, की एका वेळेला एक. तेव्हा त्या बहिणीला म्हणाल्या, “बग, ह्यो आचारी हितला हवालदार हाय.” त्या दिवसापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

हुलगे मात्र राहिले होते. ते मी सोडून देऊ शकलो असतो. पण माझाही हट्ट होता. जतहून भावाला सांगून नवे हुलगे मागवले आणि एका संध्याकाळी शेंगोळे केले. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळी करून ती लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवायची, हा तो पदार्थ. नाव लपवून खायला घालायचं मला पटत नव्हतं, म्हणून हौसाबाईंना काही वाढलंच नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर सुभेदारांना बसवलं आणि त्यांच्यापुढे वाडगा ठेवला.

“काय हाय?” हौसाबाईंनी विचारलं.

“हुलग्याचं शेंगोळं. तुमच्यासाठी न्हाई, साहेबांसाठी हाय.”

सुभेदारांनी पहिला भुरका मारला आणि मग मान वर केली नाही. लसणाचा वास वॉर्डभर पसरला. पडद्यापलीकडच्या पुरुषांच्या बाजूचा ड्रायव्हर उठून बसला. सुभेदारांनी वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे केला. हौसाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

“आमचा बैल बगा कसा खातोय,” त्या शैलाला म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. “वाईच मलाबी दी. बगू तरी.”

मी वाढलं. त्यांनी खाल्लं, रस्सा पिऊन वाडगा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सकाळचं ते तुजं माडगं, त्यात लसूण जरा जास्ती टाकत जा.” त्या रात्री घरी जाऊन मी जतला फोन लावला आणि अव्वाला सगळी हकिगत सांगितली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती म्हणाली, माणसाला भूक लागली की खातंय.

आता श्रेयाचं बोलायचं तर पहिलं श्रेय डॉक्टरांचं, मग इन्सुलिनचं, मग रोज जखम धुणाऱ्या सिस्टरांचं. माझ्या ताटांचा वाटा किती, हे मला विचारू नका, मी जास्तच सांगेन. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळची साखर उतरायला लागली. तिसऱ्या आठवड्यात पट्टी कोरडी निघाली. डॉक्टरांनी जखम दाबून बघितली, पुन्हा दाबून बघितली आणि म्हणाले, “सळई राहू दे. उद्या उभं करा.”

पहिल्या दिवशी त्या वॉकर धरून खाटेपाशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि घामाघूम होऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी चार पावलं. पाचव्या की सहाव्या दिवशी मी दुपारच्या जेवणाची गाडी ढकलत वॉर्डात शिरलो, तर हौसाबाई खाटेवर नव्हत्या. त्या वॉर्डाच्या मधल्या वाटेनं मोरीकडे चालल्या होत्या. वॉकर पुढे ठेवायचा, दुखरा पाय न्यायचा, मग दुसरा. शैला दोन्ही हात पसरून त्यांच्या मागोमाग, अंगाला न लावता. फिजिओथेरपीचा माणूस बाजूला. ज्यांना मान वळवता येत होती ते सगळे बघत होते.

मोरीच्या दाराशी शैला सवयीनं आत शिरायला लागली. हौसाबाई थांबल्या.

“तू हितंच थांब.”

“आवं आत्या, पर आत बसायला…”

“हितंच थांब म्हनलं न्हवं? लय धरलंस भांडं. आता बस जा.”

त्या आत गेल्या. दार लागलं. मग आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

शैला बाकावर बसली. पदर तोंडावर धरला होता आणि खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि तिलाही कळत नसावं. दवाखान्यात पेशंटनं आतून कडी लावायची नसते, असा नियम आहे. सिस्टर धावत आल्या आणि दार ठोठावलं. “आजी, कडी काढा. पडलात तर आम्ही आत कसं येणार?”

आतून खणखणीत आवाज आला. “न्हाई पडत. दार वाजवू नगं बाई. दोन म्हैनं झालं, जरा एकटीला बसू दी.”

सिस्टरांनी हात खाली घेतला. ड्रायव्हरनं जेवण मागितलं तेव्हा मी त्याला हातानं गप्प राहायला सांगितलं, आणि आम्ही सगळे दाराबाहेर थांबून राहिलो.